किट मशीनच्या नावाने नाही, कार्बोरेटरच्या नंबरावर मागवा

प्रश्न : आमची श्रीवर्धनला नारळ-पोफळीची वाडी आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्मी वाडी आडवी झाली तेव्हा चेन सॉ घेतलेली. गेल्या दिवाळीपासून मशीन रुसलंय. चोक देऊन चालू होतं, चोक काढला की गप्प, प्लग काढून दोन थेंब पेट्रोल आत टाकलं तर पाच सेकंद चालतं नि परत बंद. मेकॅनिक म्हणाला कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा गेलाय, त्याच्या सुट्या भागांचं किट आणा. मशीनचं मॉडेल टाकून ऑनलाइन दोनदा किट मागवलं, दोन्ही वेळा भोकंच जुळली नाहीत. आता अख्खा नवीन कार्बोरेटर घेऊ का? पावसाच्या आत फणस कापायचाय, तो कौलांवर कललाय.
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : नवीन आत्ताच घेऊ नका. मेकॅनिकचं म्हणणं बरोबर वाटतंय, फक्त आधी टाकीतला फिल्टर आणि पेट्रोलची नळी बघा, नळी टाकीत शिरते तिथे चिरली की हवा ओढते आणि लक्षणं अगदी हीच दिसतात.

तुमचं चुकलं ते किट मागवताना, आणि हे खूप जणांचं होतं. मशीनच्या मॉडेलवर किट मिळतं असं आपण धरून चालतो, पण एकाच मॉडेलवर कंपनी दोन-तीन वेगळे कार्बोरेटर लावते. स्टिल कंपनीची एमएस २५० घ्या, कुठल्या मशीनवर वॉलब्रो कंपनीचा डब्ल्यूटी-२८६ कार्बोरेटर असतो तर कुठल्यावर झामा कंपनीचा सी१क्यू-एस७६. बाहेरून मशीन सेम, आतले डायफ्राम वेगळे.

म्हणून कार्बोरेटर खोलून हातात घ्या. भुसा आणि तेलाचा थर रॉकेलमध्ये जुन्या टूथब्रशने घासून काढा, पुसा, वाळू द्या. मग बाजूच्या सपाट भागावर खडू घासा आणि बोटाने वरचा पुसून टाका, ठोकलेल्या अक्षरांत पांढरं बसतं, मोबाइलची टॉर्च आडवी धरली की नंबर लख्ख दिसतो. धातूत ओतलेले जे मोठे उठावाचे आकडे असतात ते साच्याचे, त्यांच्या नादी लागू नका. आपल्याला हवा तो नंतर ठोकलेला बारीक नंबर. वॉलब्रो असेल तर डब्ल्यूटी, एचडीए अशी अक्षरं आणि पुढे आकडा, झामा असेल तर सी१क्यू आणि पुढे एस लावून आकडा, टिलटसन असेल तर एचएस किंवा एचयू. आकडा सोडू नका. नुसतं डब्ल्यूटी सांगून भागत नाही, त्यातच के१०-डब्ल्यूएटी, के२०-डब्ल्यूएटी अशी वेगवेगळी किटं आहेत.

किटांतही दोन प्रकार. वॉलब्रोचं ‘डी’ने सुरू होणारं आणि झामाचं जीएनडी म्हणजे फक्त डायफ्राम नि गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारा पातळ थर. वॉलब्रोचं ‘के’ आणि झामाचं आरबी म्हणजे पूर्ण किट, त्यात पेट्रोल आत सोडणारी-अडवणारी नीडल, जाळी वगैरेही येतं. तुमचं मशीन महिनोन्‌महिने बंद पडून आहे, तुम्ही पूर्णच घ्या, नीडलचं टोक झिजलेलं असेल तर नुसता डायफ्राम बदलून परत खोलत बसाल.

काही स्वस्त मशीनवर नंबरच नसतो. तिथे जुना डायफ्राम घेऊन किटच्या फोटोशी ताडायचा : भोकं किती नि कुठे, बाहेरचा आकार, आणि मुख्य म्हणजे मधलं बटण. काहींत बटणाला खाच असते आणि नीडल हलवणाऱ्या लेव्हरचं दुबोटी टोक तिच्यात अडकतं, काहींत लेव्हर नुसती टेकते. हे चुकलं तर किट बसल्यासारखं वाटतं आणि मशीन चालत नाही.

खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढा, कारण एका बाजूला गॅस्केट आधी नि डायफ्राम नंतर, तर दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा उलटं. पेट्रोल कमी-जास्त करणारे एच आणि एल स्क्रू काढण्याआधी ते आत किती फेरे जातात ते मोजून लिहून ठेवा. भोकांत तार घालू नका.

जुना डायफ्राम बोटांत वाकवून बघा, नवा कापडासारखा लुळा पडतो, तुमचा प्लॅस्टिकसारखा कडकडेल. टाकीत पेट्रोल ठेवून मशीन मांगरात पडलं की हेच होतं, आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते आपल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. काम झालं की टाकी रिकामी करायची, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं आणि मगच ठेवायचं.

आणि फणस कौलांवर कललाय म्हणताय, तो मशीन सुरू झालं तरी बुंध्यातून कापायला जाऊ नका, एकट्याने तर नाहीच. दोर बांधून वरून एकेक फांदी उतरवणारे गावात असतात, त्यांना बोलवा, बुंधा सगळ्यात शेवटी.