घरातली मराठी, शाळेतली इंग्रजी

प्रश्न : आम्ही 3 वर्षांपूर्वी नाशिकहून टोरोंटोजवळ राहायला आलो. मुलगा 9 वर्षांचा आहे. तो लवकर रुळावा म्हणून घरीही इंग्रजीच बोलावे, असे शाळेतून सुचवण्यात आले आणि आम्ही ते काटेकोरपणे पाळले. आता आजीचा व्हिडिओ कॉल आला की तो खोलीत निघून जातो, पोळीभाजीचा डबा न उघडता परत आणतो. आमचे काही चुकले का?

उत्तर : तुमचा हेतू चांगलाच होता, पण तो सल्ला मला मान्य नाही. आपले किती जपायचे आणि नव्या समाजात किती मिसळायचे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, अशी मांडणी कॅनडाचेच मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी केली. त्यांनी सहकाऱ्यांसह 13 देशांतील स्थलांतरित कुटुंबांतल्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला आणि तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही संस्कृतींशी नाते राखणारी मुले मनाने अधिक स्वस्थ आढळली, तर कोणत्याच बाजूला नीट न रुळलेल्या मुलांची स्थिती अधिक बिकट होती.

सक्तीचा परिणाम तर अनेकदा उलटाच होतो. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील ओहायो आणि इंडियाना राज्यांनी शाळांतून जर्मन भाषा हद्दपार केली. वासिलिकी फूका यांच्या संशोधनानुसार, ही बंदी सोसलेल्या जर्मन वंशाच्या मुलांनी पुढे स्वसमाजातच लग्न करण्याचे आणि आपल्या मुलांना ठळक जर्मन नावे ठेवण्याचे प्रमाण वाढले.

तुमच्या मुलावर अशी सक्ती झालेली नाही, परंतु मराठी ही घरातसुद्धा बाजूला ठेवण्याची गोष्ट आहे, असा अर्थ त्याने काढला असावा. म्हणून तुम्ही दोघे आजपासून त्याच्याशी मराठीत बोला; त्याने इंग्रजीत उत्तर दिले तरी टोकू नका, कारण ऐकलेली भाषाही आत मुरत असते. डब्याबद्दल रागावण्याआधी शाळेत कोणी काही बोलले का, हे शांतपणे विचारा. त्याला सँडविच हवे असेल तर खुशाल द्या; पोळीभाजी रात्री सगळ्यांनी मिळून खाता येईल. आजीसमोर बसवून ‘बोल ना’ म्हणण्याऐवजी त्याने काढलेले चित्र आजीला दाखवू द्या, आणि आजीला प्रश्न विचारू द्या. इतके करूनही तो गप्प-गप्प राहिला, झोप किंवा भूक कमी झाली, तर बालमानसतज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नका.