एएसव्हॅबच्या ऑटो विभागासाठी गाडीचं किमान किती ज्ञान लागतं?

गाडी कधी उघडून पाहिली नसेल तरी चालेल. अमेरिकी सैन्यभरतीच्या या परीक्षेत ऑटोचे प्रश्न बहुतेक 'कुठला भाग काय काम करतो' अशा धाटणीचे असतात.

सुरुवात फोर-स्ट्रोक इंजिनापासून करा: हवा-इंधन आत घेणं, दाबणं, स्फोट, धूर बाहेर. या चार टप्प्यांत क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) 2 फेरे मारतो, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मात्र 1च. हे 2:1 प्रमाण पक्कं ठेवा, इथेच घोळ होतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेतच इंधन पेटतं.

मग लक्षणांवरून दोष ओळखायला शिका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त, गाडी तापल्यावरही थांबत नसलेला दाट पांढरा म्हणजे बहुधा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सिलिंडरमध्ये शिरतंय. ब्रेक पेडल स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा. बॅटरी सारखी उतरत असेल तर अल्टरनेटरवर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) पहिला संशय घ्या, स्टार्टरवर नाही; स्टार्टरचं काम इंजिन सुरू करून देण्यापुरतंच.

क्लच, डिफरन्शियल, थर्मोस्टॅट यांचं काम एकेका वाक्यात सांगता आलं की पुरे. पाठांतरापेक्षा कुणाचं तरी बॉनेट उघडून तासभर बघा, खरंच.