बांगड्यातली काळी पट्टी आणि शंभर मीटर

प्रश्न : सर, माझा मुलगा नववीत आहे. १०० मीटरमध्ये दोन वर्षं चौथा-पाचवा येतोय. ३००० मीटरला मात्र तालुक्यात दुसरा आला. त्याचे प्रशिक्षक म्हणतात, ‘याचे स्नायू संथ जातीचे, स्प्रिंटचा नाद सोड.’ फुटबॉलमध्ये तो विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने, खेळतो, त्यामुळे रडकुंडीला आलाय. स्नायूंना अशी जात असते का? लाळेवरून तपासून देतो, अशी जाहिरातही पाहिली.
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, जात असते, आणि ती तुम्ही ताटात पाहिलेली आहे. बांगड्याची कातडी सोलली की कुशीला मधोमध काळपट पट्टी लागते. मुलं ती हमखास बाजूला सारतात. बांगडा दिवसभर संथ पोहतो तो त्या पट्टीच्या जोरावर. मागे मोठा मासा लागला की उरलेलं पांढरं मांस कामाला येतं. मग झटक्यात वेग, आणि थोड्या वेळात खेळ खलास. इसवणाच्या (सुरमईच्या) तुकडीतही ती पट्टी सापडेल, पण बारीक.

माशात हे दोन्ही स्नायू वेगळे, माणसात त्यांचे बारीक धागे, म्हणजे तंतू, एकाच स्नायूत मिसळलेले. संथ तंतू प्राणवायूवर चालतात, प्राणवायू धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनामुळे तांबडे दिसतात, लवकर थकत नाहीत. जलद तंतूंचे दोन प्रकार : टू-ए बऱ्यापैकी टिकतो, टू-एक्स सर्वांत वेगवान आणि सर्वांत आधी दमतो. पोटरीतला सोलियस हा आतला स्नायू दिवसभर आपल्याला उभं ठेवतो, म्हणून त्यात साधारण ८० टक्के संथ. मांडीत सामान्य माणसाचं प्रमाण जवळपास निम्मं-निम्मं. नामवंत मॅरेथॉनपटूंच्या पोटरीतल्या दुसऱ्या, बाहेरच्या स्नायूत संथ तंतू ८० टक्क्यांच्या आसपास सापडलेत, स्प्रिंटरांच्या जेमतेम पाव. तेव्हा प्रशिक्षक अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पण पोराच्या पोटरीत सुई घालून कोणी पाहिलंय?

लाळेच्या चाचणीत बहुधा एसीटीएन-३ हे जनुक पाहतात; त्यावरून जलद तंतूंतलं एक प्रथिन बनतं. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना वरच्या दर्जाच्या स्प्रिंटरांत त्याचं प्रथिन नसलेले खेळाडू फारच कमी आढळले. पण जगात दर पाच-सहा माणसांत एकाकडे ते प्रथिन नसतंच, आणि एका जनुकावर शर्यतीचा निकाल लागत नाही. त्या पैशांत चांगले बूट येतील.

मीही हीच चूक केलीय. तेरा वर्षांच्या एका पोराला मी क्रॉस-कंट्रीत ढकललं, कारण तो स्प्रिंटमध्ये मागे राहायचा. त्याची उंचीच फुटली नव्हती! सोळाव्या वर्षी तोच लांब उडीच्या खड्ड्यात माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यांच्या पुढे पडला. मला काही बोलला नाही, नुसता हसला. वयात येताना वेग वाढतो. नववीत जात ठरवू नये.

संथ तंतू सरावाने जलद होणं कठीण, पण आहेत ते जलद तंतू जाड आणि तयार करता येतात. अडचण अशी की शरीर आधी संथ तंतूंनाच हाक मारतं; भरपूर जोर लावल्याशिवाय जलद तंतूंची पाळी येत नाही. रोज पाच किलोमीटर जॉगिंग केलं तर त्यांतले बहुतेक घरीच बसतात. म्हणून आठवड्यातून दोनदा, नीट अंग गरम करून, ३० मीटर जीव तोडून धावायचं, मग दोन-तीन मिनिटं स्वस्थ थांबायचं. असं सहा वेळा. ही थांबण्याची शिस्त पोरांना जमत नाही. मी तर त्यांना भिंतीला टेकवून बसवायचो.

विंगवरून त्याला काढू नका. पूर्ण सामन्यात खेळाडू दहा-अकरा किलोमीटर फिरतो, पण बचावपटूला मागे टाकायचं ते वीस मीटरांत. त्याचा दम तर तयारच आहे.

सराव मात्र गणपतीच्या चवथीनंतर, मैदान सुकल्यावर सुरू करा. चिखलात पूर्ण वेगाने धावला तर आधी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, धरेल.