जाळीची टोपी, तरी टाळू भाजते

प्रश्न : माझं काम जमीन मोजणीचं. सकाळी 9 पासून उन्हात. सुती टोपी दुपारपर्यंत ओलीचिंब होऊन जड व्हायची, म्हणून जाळीची घेतली. वारा लागतो, पण केस विरळ आहेत आणि टाळू लाल होऊन सोलते. मग टोपी घ्यावी तरी कोणती?

उत्तर : तुमची टाळू जाळीमुळेच भाजते आहे. ज्या भोकातून वारा येतो त्याच भोकातून ऊनही येतं. मी टोप्या शिवते, आणि विरळ केसांच्या माणसाला माथ्यावर जाळी कधीच लावून देत नाही. जाळी कानांच्या वर, दोन्ही बाजूंना. माथ्यावर दाट विणीचं, पण पातळ कापड.

डोकं गार होतं ते घाम वाळल्यामुळे. जाड सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. पातळ पॉलिस्टरच्या चांगल्या विणीत तो पसरतो आणि लवकर उडून जातो. दुकानात एवढंच करा : कापड तोंडाशी धरून फुंकर मारा आणि पलीकडे तळहात ठेवा. फुंकर हाताला लागली पाहिजे. मग तेच कापड उजेडासमोर धरा. उजेडाचे ठिपके दिसले, तर ऊनही तसंच आत येणार. लेबलवर ‘यूपीएफ 50’ असेल तर उत्तम. अशा कापडातून अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग आत जातो.

टोपी आतून उलटी करून बघाच. पुढच्या भागाला आतून बकरम, म्हणजे ताठपणासाठीचं कडक कापड, लावलेलं असेल तर कपाळावर वारा फिरकत नाही. घामाची पट्टी मऊ हवी. माथा आणि कापड यांत बोटभर पोकळी राहू द्या, हवा तिथूनच खेळते.

आणि मोजणीच्या कामाला फक्त पुढे कड असलेली टोपी मला पटत नाही. कान आणि मान उघडी पडतात, वाकून काम करताना तर मान सगळं ऊन झेलते. चहूबाजूंनी 7-8 सेंटिमीटर कड असलेलीच घ्या. वरून फिका रंग, कडेच्या खालून गडद. म्हणजे जमिनीवरून उसळणारा उजेड डोळ्यांत कमी जातो.

रोज संध्याकाळी साध्या पाण्यातून पिळून काढा, पट्टीवर मिठाचे पांढरे डाग साचू देऊ नका. कापड मऊ करणारं द्रावण मात्र वापरू नका, त्याचा थर बसला की घाम शोषला जात नाही.