अवकाश स्थानक वर्गात कसं शिकवावं?

प्रश्न : आठवीला अवकाश स्थानकाचा प्रकल्प दिला की मुलं पुठ्ठ्याचं मॉडेल आणतात आणि विषय तिथेच संपतो. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ हा समजही जात नाही. काय करावं?

उत्तर : आधी समज घालवा. ४०० किमी उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक सतत पडत असतं, म्हणून आतलं सगळं तरंगतं. एक लिटरच्या बाटलीला तळाजवळ ५ मिमीचं भोक पाडा, पाणी भरा, दोन मीटरवरून बादलीत सोडा. पडताना धार थांबते. झाकण मात्र उघडंच हवं. बंद असेल तर धार हातातच थांबते आणि प्रयोग फसतो. वेळ जेमतेम ०.६ सेकंद, म्हणून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपा.

मॉडेल एकाच गटाला देऊ नका. प्रत्येक गटाला एकेक भाग द्या आणि फक्त ‘जोडाचा व्यास १० सेंमी’ एवढंच सांगा. कुणी आतला व्यास धरेल, कुणी बाहेरचा, आणि जोड बसणार नाही. बसू नये हेच बरं! आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे पहिले दोन भाग असेच वेगवेगळे बनले : ‘झार्या’ रशियात, ‘युनिटी’ अमेरिकेत. डिसेंबर १९९८ मध्ये ते कक्षेत जोडले गेले. मोजमापांचा करार किती काटेकोर लागतो, ते इथे कळतं.

मग हिशेब : माणशी रोज ०.८४ किलो ऑक्सिजन, चौघे, १८० दिवस. उत्तर सुमारे ६०५ किलो. पंखा बंद पडला तर काय, हेही विचारा. गरम हवा तिथे वर जात नाही, त्यामुळे झोपलेल्याच्या तोंडाभोवती कार्बन डायऑक्साइड साचतो.