'द व्हॅलियंट वन्स'मधली चाच्यांची गोष्ट खरी आहे का?

निम्मी खरी आहे. दिग्दर्शक किंग हूच्या या १९७५ च्या पिक्चरमधला सेनापती यू दायू खराखुरा, चीनच्या मिंग राजवटीच्या काळातला, आणि १६व्या शतकात चीनच्या किनाऱ्यावर वोकौ (म्हणजे 'जपानी चाचे') म्हटल्या जाणाऱ्या टोळ्यांनी धुमाकूळ घातला होता हेही खरं, पण ते तलवारबाज नवरा-बायको कथेतलेच धरा. मिंग काळावर थोडंफार वाचलंय म्हणून सांगतो, पिक्चरमध्ये जपानी चाचे ठळक दिसतात (त्यांचा म्होरक्या झालाय अभिनेता सॅमो हंग, फायटिंगही त्यानेच बसवलीये, शेवटची मारामारी चुकवू नका), प्रत्यक्षात मात्र १५५० च्या दशकात त्यातले बरेचसे चिनीच होते, समुद्री व्यापारावर बंदी आली म्हणून तस्करीत शिरलेले, वांग झी नावाचा त्यांचा बडा म्होरक्या तर मुळात चिनी व्यापारी.