लेणं, लेणी आणि डोंगराचे दागिने

प्रश्न असा आहे: 'अजिंठ्याची लेणी सुंदर आहे' म्हणायचं की 'आहेत'? आणि चित्रा-शिल्पांनी डोंगराला लेणं घातलं, दागिना चढवला, म्हणून 'लेणं' हे नाव पडलं, हे खरं का?

दुसरा भाग आधी. ही दागिन्याची व्युत्पत्ती मी शाळेत ऐकली आणि पुढे बरीच वर्षं लोकांना सांगतही होतो. गोड आहे, पण टिकत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात त्याने 'इदं लेणं कारितं इमा च पोढियो' असं कोरवून ठेवलं आहे: हे लेणं करवलं, आणि या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी. (लेणी हिंडणारी मंडळी 'पोढी' आजही म्हणतात.) कान्हेरीतल्या लेखांतही दान दिलेल्या जागेला 'लेण'च म्हटलं आहे, आणि तिथली बहुतेक लेणी म्हणजे एखादी खोली, ओसरी आणि बसा-निजायला दगडी कट्टा. दागिना म्हणावा असं तिथे काय आहे?

हा 'लेण' संस्कृत 'लयन'चा प्राकृत अवतार. 'ली' म्हणजे चिकटणं, लपणं, विसावणं. लयन म्हणजे विसाव्याची, आसऱ्याची जागा. 'त्रयोदश'चं 'तेरा' होताना 'अय'चा 'ए' झाला तसाच इथेही, आणि 'न'चा 'ण' 'पानीय'-'पाणी'सारखा. मौज म्हणजे या शब्दात मुळात डोंगरही नाही. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या पाली ग्रंथात, बुद्धाने भिक्षूंना पाच प्रकारच्या 'लेणां'ची परवानगी दिली आहे: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय (हे चार बांधीव निवारे) आणि गुहा. म्हणजे गुहा हा लेण्याचा पाचांपैकी एक प्रकार. आपल्याकडे सह्याद्रीचा कातळ मिळाला, बाकीचे चार मागे पडले आणि कोरलेलं तेवढंच लेणं उरलं. श्रीलंकेतल्या जुन्या ब्राह्मी लेखांत भिक्षुसंघाला दिलेल्या नैसर्गिक गुहांनाही 'लेने' म्हटलं आहे. मराठी 'लेणे'शी जुळणारा तो शेवटचा 'ए' मात्र निव्वळ योगायोग.

अंगावरचं लेणं वेगळं. ते 'लेणे' या क्रियापदाचं: काजळ लेणं, कुंकू लेणं, शालू ल्यालेली. आज दोन्ही शब्द एकसारखे चालतात, म्हणून खेळ करायला मोकळीक आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला चित्रातला पद्मपाणी, हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व, पाहा, मुकुट काय, मोत्यांच्या माळा काय. लेण्यात उभा राहून लेणी ल्यालेला! हा श्लेष जरूर करावा, फक्त त्याला व्युत्पत्ती म्हणू नये.

आता 'आहे' की 'आहेत'. लेणं नपुंसकलिंगी, केळं-केळी किंवा मडकं-मडकी यांच्यासारखं. एक लेणं, अनेक लेणी. अजिंठ्यात तिसेक आहेत, तेव्हा 'आहेत'. मग गोंधळ का होतो? कारण मराठीत नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन पुष्कळदा एकाच वेषात येतात. 'ही जुनी लेणी आम्ही पाहिली' या वाक्यात 'ही', 'जुनी', 'पाहिली' सगळे दोन्हीकडे चालतात. त्यात लेणी बहुधा समूहाने असतात, एकट्याचं नाव क्वचित घेतलं जातं. ऐकणाऱ्याने 'लेणी' ही 'वेणी'ची बहीण समजली तर त्याचा फारसा दोष नाही. पितळ उघडं पडतं ते 'आहे'पाशी किंवा प्रत्यय लावताना: लोक 'लेणीत गेलो' म्हणतात, हवं 'लेण्यात' (एका) किंवा 'लेण्यांत' (अनेक). 'लेण्याद्री'तही 'लेण्या' कसा नीट बसलाय पाहा.

'गुंफा' म्हणू नये का? म्हणा, पण मला स्वतःला 'गुंफा' ऐकलं की एखादा बैरागी धुनी पेटवून बसलेला दिसतो. नुसती 'गुहा' तर वाघाचीही असते. लेण्याला छिन्नी लागते.

पाटीवर मात्र 'लेणी क्रमांक १७' खटकतं. तिथे 'लेणे क्रमांक १७' हवं. 'लेणी क्रमांक १६ आणि १७' असं लिहिलं असेल तर काहीच तक्रार नाही.